बियांचं डिझेल आणि उकळलेली बरणी

"येत्या रविवारी आपली गाडी कुंपणावर चालणार," नवऱ्याने जाहीर केलं. म्हणजे कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या बियांवर. बाळ मांडीवर नुकतंच झोपलं होतं, म्हणून ती बेताने हसली.

नवरा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. बियांच्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला की वर डिझेल, खाली ग्लिसरीन, हे त्याने सासऱ्यांना फोनवर रंगवून सांगितलं, वर रविवारी त्याच डिझेलवर त्यांच्याकडे येण्याचं कबूल केलं. सासऱ्यांचा जन्म बस चालवण्यात गेलेला. ते म्हणाले, "या जावईबापू, मी गाडी ओढायला दोरी घेऊन फाटकात उभा राहतो."

ती दोरी त्याच्या जिव्हारी लागली. इरेला पेटून त्याने टाकीतलं होतं नव्हतं ते डिझेल शेजाऱ्याला देऊन टाकलं.

शनिवारी शाळेला निघताना तो म्हणाला, "मोठी बरणी एकदम स्वच्छ हवी हं. कणभर घाण चालणार नाही."

स्वच्छता तिला कोणी शिकवायची? वर्षभर बाळाच्या बाटल्या उकळण्यात तिची हयात गेली होती. तिने बरणी उकळली, झटकली आणि बाटल्यांच्या नियमाप्रमाणे न पुसता ठेवली. फडक्याला जंतू असतात.

संध्याकाळी त्याने गॅलरीत मिश्रण ढवळून ठेवलं. सकाळी बघतात तर ना वर काही, ना खाली. पिवळट गोळा, चमचा उभा राहील असा.

"साबण झाला," तो चमचा उपसत म्हणाला. "कुठूनतरी पाणी गेलं. पण येईल कुठून पाणी?"

तिला कुठून ते लख्ख दिसलं. ती बाळाचं स्वच्छ नाक पुन्हा पुसू लागली.

दुपारी वाट बघून सासरेच डिझेलचा कॅन आणि दोरी घेऊन हजर. त्यांनी फडक्यावर गोळा घेऊन चाकावर घासला. तिथलं वर्षानुवर्षांचं ग्रीस निघून गेलं.

"जावईबापू, आमच्या डेपोला जन्मात असा साबण मिळाला नाही."

पुढच्या शनिवारी तिने बरणी पुसली, उन्हात ठेवली, वर केस वाळवायचं यंत्रही फिरवलं. तो गहिवरला. "तुझा माझ्या प्रयोगावर एवढा विश्वास?"

"या वेळी आहे," ती म्हणाली.

आणि खरंच, वर डिझेल, खाली ग्लिसरीन! त्याने लगेच सासऱ्यांना फोन लावला.



"म्हणजे साबण नाही झाला? अहो, मी अख्ख्या डेपोला सांगून बसलोय."