सासऱ्यांच्या गाडीवरची रेघ

मागच्या डाव्या दारावर रेघ दिसली, तेव्हा दातांचे डॉक्टर शीळ घालत सासऱ्यांची गाडी धूत होते. शीळ तिथंच थांबली. रेघ वीतभर लांब होती, केसासारखी बारीक, पण गडद निळ्या रंगावर ती अशी उठून दिसत होती की आंधळ्यालाही दिसावी. आणि सासरे काही आंधळे नव्हते. उलट त्यांनी जन्मभर गाडी शिकवण्याची शाळा चालवली होती.

जावयाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. दाढ दुखली तरी ते घरच्या डॉक्टरकडे तोंड उघडत नसत, गाडी काढून गावाच्या दुसऱ्या टोकाला जात. पण शेजारच्या गावी शाळेतल्या मुलांचे दात तपासायचे ठरले, घडीची खुर्ची न्यायला गाडी हवी होती, आणि लेकीनं शब्द टाकल्यावर सासऱ्यांनी चक्क किल्ली काढून दिली. डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. किल्लीबरोबर अर्थात प्रवचनही मिळालं होतं.

"कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची नाही. धुळीत वाळू असते, ती रंगावर घासली जाते. आधी पाणी ओतायचं, मग मऊ फडकं."

"हो बाबा."

"फडकं जमिनीवर पडलं तर परत गाडीला लावायचं नाही. झुडपाला खेटून उभी करायची नाही. आणि अंगठी काढा."

"आत्ता?"

"धुताना हो!"

डॉक्टरांनी हे सगळं अक्षरशः पाळलं होतं. तरीही रेघ आलीच, म्हणजे हे काम खुर्चीच्या लोखंडी पायाचं. खुर्ची त्याच दारातून आत घातली होती. त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी बायकोला हाक मारली.

"आई-बाबा चारला येतायत गाडी न्यायला," बायको रेघ बघून म्हणाली. "बाबा चहाच्या आधी गाडीला फेरी मारणार."

"ते माहितीये गं! काय करायचं ते सांग."

"नख फिरवून बघ. नख अडकलं तर खोल गेलंय, नाही अडकलं तर वरच्यावर आहे."

डॉक्टरांनी डोळे मिटून नख फिरवलं. अडकलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. "वरच्या थरातच आहे. मुळापर्यंत गेलेलं नाही."

"दात नाहीये तो."

"तत्त्व तेच. दातावरचा डाग आपण कसा काढतो?"

बायको काही बोलायच्या आत ते घरालाच लागून असलेल्या दवाखान्यात शिरले. दात चकचकीत करायची पुदिन्याच्या वासाची पेस्ट आणली, खिडकीतून वायर बाहेर काढून रबरी टोकाचं गरगर फिरणारं यंत्र आणलं. तोंडाला मास्क बांधला, हातमोजे चढवले आणि गुडघे टेकून कामाला लागले. सवयीनं ते दाराला हळूच म्हणालेसुद्धा, "फार दुखणार नाही हं."

इतक्यात गालाला रुमाल बांधलेला एक पेशंट फाटकातून आत आला. पेशानं तो शिंपी होता.

"डॉक्टर, मला दहाची वेळ दिलीयत तुम्ही."

"बसा पाच मिनिटं. जरा नाजूक केस आहे."

शिंपी पायरीवर बसला. दुखरा गाल धरून तो थोडा वेळ बघत राहिला. रेघ फिकी होत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी फडक्यानं जागा पुसली आणि विजयी मुद्रेनं मान वर केली.

"रेघ गेली," शिंपी म्हणाला, "पण आता ठिगळ दिसतंय."

खरंच दिसत होतं. घासलेली जागा आरशासारखी लखलखत होती आणि तिच्याभोवतीचं दार जुन्या पातेल्यासारखं दिसत होतं. रेघ निदान बारीक तरी होती, हा चकचकीत गोळा रस्त्याच्या पलीकडून दिसला असता.

"मग पूर्ण दार घासावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

पूर्ण दार घासलं. मग पुढचं दार कळकट दिसायला लागलं. पुढचं दार झालं तेव्हा बॉनेटनं मान खाली घातली. डावी बाजू झाल्यावर बायको रस्त्यावर जाऊन लांबून बघून आली आणि म्हणाली, "एकीकडून नवी, एकीकडून जुनी. बाबांना वाटेल दोन गाड्या जोडल्यायत."

दवाखान्यातली पेस्ट संपली, तशी बायकोनं न्हाणीघरातली पांढरी टूथपेस्ट आणली. मऊ, ओलं फडकं, चिमूटभर पेस्ट, हलका हात. दाढदुखी विसरून शिंप्यानंही एक फडकं उचललं. "असं नुसतं बसलं की जास्त ठणकतं हो," तो म्हणाला आणि मागच्या डिकीला भिडला. मधेच त्याला आत नेऊन डॉक्टरांनी दाढ साफ केली, औषध भरलं, आणि तो तोंड बधिर असतानाच परत बाहेर येऊन घासायला लागला. तो काय बोलत होता ते आता कुणालाच कळत नव्हतं, पण सल्लाच असावा.

चार वाजता सासरे आणि सासूबाई फाटकात आले. गाडी अशी झळाळत होती की सासऱ्यांनी आधी डोळे चोळले.

"माझीच ना ही?" ते म्हणाले. मग ते चक्क हसले. "वा, जावईबापू! गाडी घेऊन जाणारे पुष्कळ असतात. अशी परत देणारा पहिलाच बघितला."

डॉक्टरांना हे वाक्य चौकटीत लावून ठेवावंसं वाटलं. सासरे मात्र त्यांच्याकडून किल्ली घेऊन फेरीला निघाले होते. मागच्या डाव्या दाराशी ते थबकले. उकिडवे बसले, चष्मा लावला, हात फिरवला आणि बोटं हुंगली.

"इथली रेघ कुठं गेली?"

"बाबा," डॉक्टर चाचरत म्हणाले, "ती खुर्ची घालताना चुकून... पण पूर्ण गेली! नखालासुद्धा लागत नाही."

"कसली खुर्ची? अहो, ती जुनी रेघ होती! हिनं फाटकाला घासली होती, गेल्या वर्षी!"

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले.

"पण आई," बायको म्हणाली, "तू तर म्हणाली होतीस, डोळ्यांना झेपत नाही म्हणून गाडी चालवणं सोडलं."

"सोडलं कुठं? मी बंद केलं!" सासरे आता पुरते पेटले. "पोरांना रेघेचं सांगायचं नाही या अटीवर हिनं किल्ली माझ्या हवाली केली. वाद घालायला लागली की दाराशी न्यायचो, बोट दाखवायचो, विषय संपायचा. आणि तुम्ही... तुम्ही पुसून टाकलीत?"

सासूबाई पुढे आल्या. दारावर वाकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. वर्षभर सासऱ्यांनी भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर केली तरी त्या रेघेपायी गप्प बसत आल्या होत्या, हे त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

"कसली रेघ?" त्या म्हणाल्या.

"अगं ही! इथं होती!"

"कुठं? दाखवा ना."

सासऱ्यांनी बोट टेकवलं. तिथं त्यांचाच रागावलेला चेहरा तेवढा दिसत होता.

"काहीतरी बोलतात झालं," सासूबाई लेकीला म्हणाल्या, आणि नवऱ्यापुढे हात पसरला. "किल्ली."

"अगं, पण..."

"किल्ली द्या."

सासऱ्यांनी किल्ली दिली आणि जावयाकडे बघितलं. आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय, हे डॉक्टरांना त्या नजरेत कळलं. पुन्हा या गाडीला हात लावायला मिळणार नाही, अशी खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली. शिंपी बधिर तोंडानं काहीतरी पुटपुटला. त्याला बायकोनं खूण करून गप्प केलं.

सासूबाईंनी पुढची सीट सरकवून घेतली, आरसा आपल्या उंचीला वळवला, चप्पल काढून पायाशी नीट ठेवली. सासरे शेजारी बसले आणि पट्टा कुठं अडकवायचा ते शोधत राहिले. त्या बाजूला बसायची त्यांना सवय राहिली नव्हती.

"डावीकडे बघ. फाटक..."

"तुम्ही पट्टा लावा आधी," सासूबाई म्हणाल्या, आणि काच खाली करून त्यांनी जावयाला जवळ बोलावलं. डॉक्टर घाबरत घाबरत वाकले.

"पुढच्या वेळी गाडी लागली," त्या हळूच म्हणाल्या, "तर मला विचारा. किल्ली आता माझ्याकडे असते."

गाडी फाटकाच्या बरोबर मधून, दोन्हीकडे हातभर जागा सोडून बाहेर पडली. रस्ता मोकळा होता, तरी सासूबाईंनी हॉर्न वाजवला.