मगे पेज कोणी वाढली?

लग्नाला गेले की आमचे बाबलकाका अक्षता टाकतात, आहेराचं पाकीट देतात आणि नवरीच्या डोक्यावर हात ठेवून विचारतात, "चेडवा, तुझ्या आजयेचा म्हायारचा नाव काय?"

पोरगी गोंधळून नवऱ्याकडे बघते. नवरा कॅमेऱ्याकडे.

"म्हायत नाय? मगे इचारून ठेव. आजी आसा तवसर." एवढं सांगून काका जेवणाच्या रांगेत जातात.

बाबलकाका मालवणात माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंत, आहे आणि ते त्याच्यावरूनच बोलतात. आत येऊन बसणं त्यांना जमत नाही, चहासुद्धा उभ्यानेच. एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर लोकांना 'खंय जातलास?' विचारलं, आणि सत्तरीच्या आसपास अचानक 'खंयसून इलास?', कुठून आलास, असं विचारायला लागले.

हे खूळ सुरू झालं वारस तपासामुळे. त्यांचे वडील सखाराम मूळचे वैभववाडीकडचे. काका तान्हे असतानाच ते मालवणात येऊन राहिले आणि इथेच वारले. गावाकडे थोडी जमीन होती, तिला वारसांची नावं लावायची म्हणून काका माझ्या स्कूटरवर मागे बसून कचेरीत गेले. तिथल्या मुलीने कागद चाळले.

"काका, आईंचीही नोंद मयत म्हणून आहे. लक्ष्मी सखाराम. तुम्ही तेव्हा वर्षाचेही नव्हता."

काका कचेरीत शुद्ध बोलतात. "मॅडम, काहीतरी चुकतंय. आई घरी आहे."

"पण नोंद आहे ना."

इथे शुद्ध संपलं. "अगो, मगे आज सकाळी माका पेज कोणी वाढली?"

येताना कणकवली मागे पडली. मग मागून आवाज आला, "दोनापैकी एक खोटा आसा. कागद नायतर पेज."

त्यानंतर माझ्या स्कूटरला सुख राहिलं नाही. जन्माच्या नोंदीचा उतारा काढला, तर त्यात फक्त 'सखाराम यास मुलगा झाला' एवढंच. मुलाचं नाव नाही, आईचं तर नाहीच. काकांनी तो कागद उलटा करूनही बघितला. "बापाशीक पोर झाला म्हणे. आणि आवस खंय गेलेली? बाजाराक?" शाळेच्या दाखल्यावर आमच्याकडच्या अर्ध्या पोरांसारखी एक जून ही जन्मतारीख होती, आणि मास्तरांनी वर्षही अंदाजानेच घातलेलं. त्या दाखल्याप्रमाणे काका आईवडिलांच्या लग्नात वाढपाला उभे राहण्याएवढे मोठे होते.

शेवटी गुंता सोडवला गावच्या म्हाताऱ्या भटजींनी. सखारामाची लग्नं दोन झाली. पहिली बायको बाळंतपणानंतर काही महिन्यांत गेली. पोर तान्हं, म्हणून घाईने दुसरी आणली. "आणि नाव तेच ठेवलं, लक्ष्मी," भटजी म्हणाले. "तेव्हा तशी रीत होती. पहिली वेंगुर्ल्याकडची. माहेरचं नाव काही आठवत नाही."

म्हणजे कागदही खरा आणि पेजही खरी. मला वाटलं, संपलं. पण काकांच्या अंगात वारं शिरलं होतं.

"लक्ष्मी हा आमच्या घराचा नाव," ते गडग्यावरून म्हणाले. "तिचा न्हय. पितृपक्षात म्हाळाक मी कोणाच्या नावान पान वाढू? गाडी काढ."

आम्ही वेंगुर्ल्याच्या फेऱ्या सुरू केल्या. काजूच्या कारखान्यांत, जेटीवर, देवळांच्या पायऱ्यांवर काका म्हातारी माणसं हेरायचे. वैभववाडीकडे दिलेली मुलगी कोणाची, बाळंतपणात गेलेली बहीण कोणाची, असं विचारत सुटायचे. एकदा तर लग्न जमवणारे समजून एका गृहस्थाने त्यांच्या हातात मुलीचा फोटोच दिला.

घरात मात्र याची वाच्यता नव्हती. काकांच्या आई, म्हणजे आये, ऐंशीच्या पुढच्या, पण कान तिखट. काका त्यांना सांगायचे, "दाताच्या डॉक्टराकडे जातंय." काकांच्या तोंडात दात मोजकेच. त्या मानाने फेऱ्या फार झाल्या.

मग एका दुपारी, घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर आम्ही उभे राहिलो. काकांनी प्रश्नासाठी तोंड उघडलं. म्हातारा त्यांच्याकडे बघतच राहिला. कपाळाकडे, नाकाकडे, परत कपाळाकडे.

"तू आमच्या शेवंतीचो काय रे?" त्याने विचारलं.

काका तिथेच पायरीवर बसले. तो शेवंतीचा धाकटा भाऊ होता. "ती गेली तेव्हा माझो बापूस तुका आणूक गेल्लो," तो म्हणाला. "तुझ्या बापाशीन दिल्यान नाय. मगे तुमी गाव सोडलास." त्याने काकांचा हात धरून ठेवला, आणि निघेपर्यंत काकांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडलं. आये अंगणात सुकत घातलेली कोकमाची सोलं गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सापाडला तिचा म्हायार?"

काका चप्पल काढता काढता थांबले. "तुका कोणी सांगला?"

"सांगूक कोण कित्याक व्हयो? कचेरीतसून इलंस त्या दिसापासून तू माझ्या तोंडाकडे बघनस नाय. तुझ्या बापाशीन बजावलेला, पोराक कळता नये. म्हणान मी गप रवलंय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "काय नाव तिचा?"

"शेवंती."

"शेवंती." त्यांनी ते नाव एकदा तोंडात घोळवलं. "बरा आसा. ह्या घरात इलंय तेव्हा तिचा नाव माका दिल्यानी, तिची पातळां दिल्यानी आणि तू. नाव नको होता. पातळां फाटली. तू तेवढो रवलंस."

मी निघायचं म्हणून हेल्मेट उचललं आणि परत ठेवलं.

"येंगुर्ल्यात दारादारात फिरलंस," आये शांतपणे म्हणाल्या. "घरातल्या घरात माका कधी इचारूक नाय, तुझा म्हायारचा नाव काय गो?"

काका त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "काय गो आये?"

"मथू."

"मथू," काका म्हणाले.

"असा न्हय. हाक मार. ह्या नावान हाक मारणारा आता कोण उरूक नाय."

"आवशीक नावान हाक मारतत?"

"मार रे. हंय कोण ऐकता?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी माडांकडे बघायला लागलो. मग अगदी हळू, आत झोपलेल्या कुणाला उठवावं तसं, ते म्हणाले, "मथू..."

"ओ," आये म्हणाल्या.