बारा हजार चारशे सहा मैल

शनिवारी सकाळी दहा वाजेपर्यंत विल्फ गार्साइडनं चार वेळा किटली चढवली होती आणि एकदाही चहा केला नव्हता. तो खिडकीशी जाई, पडदा सारी, गल्लीत कोणी दिसत नाही म्हणून परत येई आणि पुन्हा किटलीचं बटण दाबी.

गाडी बघायला माणसं येणार होती. गाडी ग्लेनिसची, म्हणजे त्याच्या बायकोची. ती फेब्रुवारीत गेली. जाण्याआधी आठवडाभर हॉस्पिटलच्या खाटेवरून तिनं त्याला बजावलं होतं, "चालवणाऱ्याला दे, विल्फ. झाकून ठेवणाऱ्याला दिलीस तर मी परत येईन."

विल्फला स्वतःला गाडी येत नव्हती. त्यानं चाळीस वर्षं पायी टपाल वाटलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी ग्लेनिसच्या डावीकडे बसून सगळा देश पाहिला होता. आता तो रोज सकाळी गॅरेजमध्ये जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवी. ते बंद केलं की उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते त्याला सुचत नसे.

जाहिरात मुलीनं टाकली होती. बेव्हर्लीनं लीड्सहून फोनवर विचारलं, "डॅड, रनिंग किती झालंय?"

"थांब, बघून सांगतो," म्हणत विल्फ गॅरेजमध्ये गेला. चाळीस वर्षं पाकिटावरचा पत्ता जसा असेल तसा वाचलेला माणूस. त्यानं मीटरही तसाच वाचला. "बारा हजार चारशे सहा."

बेव्हर्लीनं तेच लिहिलं. एकोणीसशे बाहत्तरची हिरवी स्पोर्ट्स कार, दोन सीटा, उघडणारा टप, एकच मालकीण, बारा हजार चारशे सहा मैल. दोन दिवसांत अकरा फोन आले. ग्लेनिसला इतकी माणसं ओळखत होती, या विचारानं विल्फचे डोळे भरून आले.

दहा वाजता चार गाड्या आल्या. माणसं उतरली आणि कोणी न सांगता गॅरेजसमोर रांगेत उभी राहिली. पहिले थॉर्नली साहेब. त्यांच्या घरी अशा नऊ गाड्या होत्या, आणि दहावी न्यायला त्यांनी बंद ट्रेलर भाड्यानं आणला होता. तो आपल्या ट्रकनं ओढत आणणारी टिल्डा ब्रॉडबेंट, पन्नाशीची जाडजूड बाई, फाटकाला टेकून सँडविच खात होती.

थॉर्नली साहेबांनी पांढरे हातमोजे चढवले. "बारा हजार मैल! पन्नास वर्षांत! कुठं ठेवली होती हो इतकी जपून?"

"ठेवली नव्हती कुठं," विल्फ म्हणाला. "हे बारा हजार चौथ्या फेरीतले."

"कसल्या फेरीतले?"

"मीटरला पाचच आकडे आहेत ना साहेब. लाख झाले की पुन्हा शून्य. तीनदा झाले. दर वेळी ग्लेनिस असेल तिथं गाडी थांबवून पोर्क पाई केकसारखी कापायची. तिसऱ्या वेळी नेमके मोटरवेवर होतो. पोलीस आला ओरडत. त्यालाही एक फोड दिली."

रांगेत कोणीतरी खोकलं. थॉर्नली साहेबांनी श्वास घेतला. "निदान इंजिन तरी मूळचं असेल?"

"पोलिसांच्या गाडीचं आहे. भंगारात मिळालं तिला."

"सीटा?"

"दुसऱ्या गाडीच्या. माझी पाठ दुखायची म्हणून. आणि हीटर मिनीबसचा."

"मग मूळचं आहे तरी काय?"

विल्फनं मनापासून विचार केला. "हॉर्न," तो म्हणाला. मग त्याला खोटं बोलवेना. "नाही, तोही बदललाय."

"गमतीशीर आहे," थॉर्नली साहेब म्हणाले आणि हातमोजे काढू लागले. मागचे दोघंही गमतीशीर आहे म्हणाले, चहा नको म्हणाले, हवा छान आहे म्हणाले आणि पाच मिनिटांत गल्ली रिकामी झाली.

"चला," थॉर्नली साहेब टिल्डाला म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं, साहेब. रिकामा ट्रेलर न्यायला कसली घाई?" तिनं हात पँटला पुसले आणि बॉनेटखाली डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही. "काका, हे सगळं मावशींनी स्वतः केलंय?"

"इथंच. याच जमिनीवर पडून."

"चालते कशी?"

"बघ की चालवून."

विल्फ आपल्या जागी, डावीकडे बसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. गाव संपलं आणि माळाकडे जाणारा उभा चढ लागला. टिल्डानं गिअर टाकला, गाडी गुरगुरली आणि सरसर वर गेली.

"अगं बाई! काय चढते हो ही!" टिल्डा वाऱ्यात ओरडली. "माझा ट्रक इथं रडतो!"

"तू झाकून तर नाही ना ठेवणार?"

"कशात झाकू? गॅरेजच नाही मला. पावसातसुद्धा काढणार मी. चालेल?"

"पळेल," विल्फ म्हणाला.

दुपारी ट्रक आणि ट्रेलर आपल्या घरी लावून टिल्डा बसनं परत आली. ही गाडी ट्रेलरवर घालणं तिला गाडीचा अपमान वाटला. कागदांवर सह्या झाल्या आणि टिल्डा टप उघडून एकटीच निघाली. विल्फ कोपऱ्यापर्यंत मागं चालत गेला, परत आला, गॅरेजमधला तेलाचा डाग पुसायला बसला, तो पुसायचा नाही असं ठरवून उठला आणि किटली चढवली.

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"काका, चढावर बंद पडली! तीनदा! सकाळी तर नीट चढली होती!"

"मी तर काहीच..." विल्फ म्हणाला आणि थांबला. त्याचा डावा हात आपोआप फोनच्या टेबलाखाली गेला होता आणि तिथं काहीतरी चाचपत होता. चढ म्हटलं की तो हात तिथंच जाई; सकाळीही गेला होता. "अरे देवा. डावीकडच्या सीटसमोर खाली खटका आहे बघ. चढ आला की वर करायचा. दुसरा पेट्रोल पंप आहे तो. नाहीतर इंजिन उपाशी पडतं."

थोडा वेळ नुसती धडपड ऐकू आली. "हात पोचत नाही माझा."

"नाहीच पोचणार. ग्लेनिसनं मुद्दाम माझ्या बाजूला बसवला. म्हणाली, तू नुसता बसून असतोस, काहीतरी काम कर."

"मग एकटीनं चालवायची कशी?"

"एकटी कधी चाललीच नाही ती."

टिल्डा म्हणाली, "हे जाहिरातीत नव्हतं, काका."

"बरंच काही नव्हतं."

"उतारानं मागं येतेय तुमच्याकडे. टोपी घालून फाटकात उभे राहा. आणि उद्या रविवार आहे, नऊला तयार राहा."

विल्फनं थर्मास काढला. तेवढ्यात पुन्हा फोन. बेव्हर्ली. त्यानं घाईघाईनं सगळं सांगितलं.

"डॅड, काहीतरीच काय! कुठलाही मेकॅनिक अर्ध्या तासात तो खटका उजवीकडे बसवून देईल."

"माहीत आहे मला."

"मग तिला सांग की!"

"तिलाही माहीत आहे गं. ट्रकवाली आहे ती." बाहेर हॉर्न वाजला. विल्फनं टोपी डोक्यावर दाबली. "ठेवतो आता. पुढं चढ आहे."