डॉक्टरांनी उपटलेला डिपर

सासरे संध्याकाळी येणार होते आणि गाडीचे दिवे खाली बघायला तयार नव्हते. क्लचच्या शेजारी, डाव्या पायाखाली बसवलेलं डिपरचं बटण कितीही दाबलं तरी झोत समोरच्याच्या डोळ्यांवर रोखलेला तो रोखलेलाच.

दुसऱ्या कुणाच्या सासऱ्यांना हे चाललं असतं. या सासऱ्यांनी ही जुनी गाडी उभं आयुष्य जपली होती आणि समोरून साधी सायकल आली तरी डिपर दिला होता. धाकट्या जावयाच्या हातात किल्ली देताना ते म्हणाले होते, "नीट ठेवलीत तर तुमची. नाहीतर थोरल्यांकडे जाईल." तेव्हापासून थोरले जावई प्रत्येक भेटीत गाडीभोवती एक फेरी मारत आणि टायरला हळूच लाथ मारून बघत. आज तेही येणार होते. सासरे स्वतः गाडी चालवत सगळ्यांना जेवायला नेणार होते.

धाकटे जावई दातांचे डॉक्टर. त्यांनी लगेच निदान केलं. "स्विच गेलाय. काढायचा, नवा बसवायचा. दाढ काढण्यापेक्षा सोपं."

"मेकॅनिकला बोलवा ना," बायको म्हणाली.

"तो थोरल्यांचीही गाडी बघतो. दुपारपर्यंत तिकडे बातमी जाईल."

सासऱ्यांनी गेल्या महिन्यात खास गाडीसाठी पाठवलेली जाडजूड रबरी मॅट बायकोने आधी उचलली, पुसली आणि दोरीवर टाकली. त्या मॅटला तेलाचा हात लागलेला तिला खपला नसता. मग डॉक्टर गाडीत डोकं खाली, पाय दाराबाहेर असे आडवे झाले.

स्क्रू दोन होते. पहिला निघाला. दुसऱ्याचं डोकं हातात आलं आणि मूळ आतच राहिलं. अशा वेळी दवाखान्यात ते "आता थोडं जाणवेल हं" म्हणत. इथे जाणवणारे तेच होते. त्यांनी ड्रिल लावलं, मग छिन्नी धरली आणि वर हातोडा घातला. पत्र्याला आतून कीड लागलेली असेल हे कुणाच्या ध्यानात येणार? स्विच निघाला, पण भोवतीचा बशीएवढा पत्रा घेऊन. भोकातून डॉक्टरांना गॅरेजची फरशी दिसली आणि फरशीवर स्वतःची चष्म्याची काडी.

"काय झालं हो? एवढा आवाज कसला?"

"निघाला एकदाचा."

बायकोने वाकून पाहिलं. "हे काय केलंत? आता यात काय भरणार, चांदी की सिमेंट?"

शेजारच्या धडक्या पत्र्यावर डॉक्टरांनी नवा स्विच बसवला आणि वायरींना जोड दिला. उन्हं उतरली तेव्हा त्यांनी दिवे लावले, बटण दाबलं. टक. समोरच्या भिंतीवरचा झोत खाली आला. पुन्हा टक, वर गेला. त्यांनी बायकोला तीनदा बोलावून दाखवलं.

"आणि भोक?"

"मॅट आहे ना बाबांची!"

मॅट अंथरली. डॉक्टरांनी ऐटीत बटण दाबलं. झोत वरच. मॅट काढली, टक. घातली, काही नाही. रबर इतकं जाड, की बटण तळापर्यंत जातच नव्हतं.

"अहो," बायको सावकाश म्हणाली, "मॅट गेल्या महिन्यात आली. आणि दिवेही गेल्या महिन्यातच..."

"कळलं."

डॉक्टर मटकन पायरीवर बसले. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्यांनी एकही निरोगी दात उपटला नव्हता. आता मॅट ठेवावी तर दिवे चालेनात, काढावी तर रस्ता दिसणार. फाटक वाजलं. त्यांनी मॅट ठेवली.

"आज मी चालवतो, बाबा. तुम्ही मागे निवांत बसा."

"का? माझे डोळे गेलेत?" सासरे स्टिअरिंगमागे बसले. थोरले टायरला लाथ मारून मागे बसले.

पहिल्याच वळणावर समोरून ट्रक आला. सासऱ्यांनी पाय दाबला, पुन्हा दाबला. ट्रक संतापून हॉर्न देत गेला.

"कडक आहे हो बटण."

"नवीन आहे ना, बाबा."

"बाबा, मागच्या वेळी मी म्हणालो नव्हतो?" मागून थोरले म्हणाले. "जुन्या वस्तूला माणूस तसा लागतो."

त्यानंतर समोरून आलेल्या गाडीवाल्याने काच खाली करून घराण्याबद्दलचं आपलं मत मोकळेपणाने सांगितलं. आयुष्यात सासऱ्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी दात आवळून, सगळ्या अंगाचा भार देऊन पाय आपटला. तो बटणावर पडला नाही. मॅट दबली, पाय नडगीपर्यंत आत गेला. कसाबसा ब्रेक लागून गाडी कडेला थांबली.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "माझ्या पायाला वारा लागतोय."

त्यांनी पाय ओढून काढला. त्याच्याबरोबर मॅट बाजूला झाली. मोज्यातल्या अंगठ्याने त्यांनी बटण चाचपून दाबलं. टक. झोत अदबीने रस्त्यावर उतरला.

"स्विच झकास बसवलात," सासरे म्हणाले. "बूट तेवढा मागे राहिला."

थोरल्यांनी घसा खाकरला. "बाबा, गाडी यांच्याकडेच राहू दे. कायमची. यांच्याइतकी सेवा आमच्या हातून नाही व्हायची."

सासऱ्यांनी मान डोलावली.

डॉक्टर बूट शोधायला खाली उतरले. गाडी आता त्यांचीच होती.