एका घराचा एकच पत्ता

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच साली आप्पा टपालखात्यातून निवृत्त झाले आणि घरातल्या संगणकांना साडेसाती लागली.

उभा जन्म पत्ते वाचण्यात गेलेला माणूस. त्यात सुनेने एक लहानशी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची यादी, लिहून ठेवलेली. काळ्या खिडकीत दोन शब्द टाइप केले की त्या संगणकाचा नेटवर्कमधला पत्ता आकड्यांत समोर येई. आप्पांना हा खेळ फार आवडला, पण एक गोष्ट खटकली.

"काल शेवटी बारा होते, आज एकोणीस कसे गं?"

"राउटर वाटतो आप्पा. जो मोकळा असेल तो देतो."

"रोज पत्ता बदलतो तो फरारी! घरंदाज माणूस नव्हे."

सून हसली आणि विसरली. तिथंच चुकलं.

स्वतःची मुलगी झाल्यापासून घरी बसलेल्या सुनेला अखेर एका मोठ्या कचेरीतून बोलावणं आलं होतं. तिथलं नेटवर्क सांभाळायची नोकरी, आणि मुलाखत संगणकावरूनच, अकरा वाजता. साडेदहाला इंटरनेटला उचकी लागली. क्षणात येई, क्षणात जाई. फोनवरून मुलाखत द्यावी, तर तिचा दुरुस्तीला टाकलेला, नवरा आपला घेऊन कामावर गेलेला, सासू-सासऱ्यांचे बटणांचे.

तिने घाईघाईने स्क्रिप्ट चालवली. पत्त्याच्या शेवटी सत्तेचाळीस. आप्पांच्या संगणकावर चालवली. सत्तेचाळीस! धावत आतल्या खोलीत नवऱ्याच्या संगणकावर. तिथेही सत्तेचाळीस!

"स्क्रिप्टच बिघडली!" ती ओरडली. आदल्या दिवशी नीटनेटकेपणाच्या हौसेने तिने दोन ओळी बदलल्या होत्या. त्या पूर्ववत केल्या. सत्तेचाळीस. अर्धी स्क्रिप्ट खोडली. उरलेली अर्धीही सत्तेचाळीसच म्हणाली.

"अगं, मघापासून विचारतेयस, ते बिचारं सांगतंय," सासूबाई म्हणाल्या. "ऐक की एकदा त्याचं!"

"आई, तिघांना एक पत्ता कसा असेल? जुंपेल ना त्यांच्यात!"

वर्तमानपत्रामागे आप्पांना खोकला आला.

पावणेअकरा झाले. सुनेने लॅपटॉप काखोटीला मारला आणि शेजारणीकडे पळायला दार उघडलं. दारावर, आप्पांनी घासूनपुसून लखलखीत केलेली पितळी पाटी होती. घर क्रमांक ४७.

ती जागच्या जागी थिजली.

"आप्पा!"

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. "एका घरात राहतात ना सगळे? मग पत्ता एकच हवा. काल दुपारी तुम्ही झोपलात, तेव्हा सेटिंगमध्ये शिरून तिन्ही संगणकांना आपल्या घराचा आकडा पक्का करून दिला. सरप्राइज!"

"अहो, मग आलेलं पत्र कोणाला द्यायचं, हे कळणार कसं?"

"पाकिटावर नाव असतं की!"

"इथे नाव नसतं आप्पा. पत्ता हेच नाव!"

आप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे मी... तिघांचं टपाल एकाच पेटीत कोंबलं?" दुसऱ्या क्षणी ते धोतर सावरत उठले. "तू तुझा पत्ता बदल, मी माझा बदलतो! अगं ए, तू आतल्याचं बटण बंद कर!"

"कुठलं बटण?" सासूबाई ओरडल्या.

"दिसेल ते!"

सासूबाईंनी आधी पंखा बंद केला, मग दिवा, आणि तिसऱ्या झटक्यात संगणक. अकराच्या ठोक्याला सून घामाघूम होऊन पडद्यावर हजर झाली.

पहिलाच प्रश्न आला, "अलीकडे शोधून काढलेला एखादा बिघाड सांगा."

दाराआडून आप्पा हात जोडून मान हलवत होते. नको, नको!

"एका अनुभवी अधिकाऱ्यांनी," सून गंभीरपणे म्हणाली, "तीन संगणकांना एकच पत्ता दिला होता. आणि मी मात्र खरं बोलणाऱ्या स्क्रिप्टलाच झोडपत बसले."

पलीकडचे साहेब हसले. नोकरी मिळाली.

संध्याकाळी तिने राउटरमध्ये प्रत्येकाला कायमचा वेगळा पत्ता लावून दिला. सत्तेचाळीस आप्पांना. ते रोज सकाळी स्क्रिप्ट चालवून आपला आकडा पाहत आणि मगच चहा घेत. पुढे त्यांचा संगणक मोडीत गेला, तरी सुनेने तो आकडा दुसऱ्या कोणाला दिला नाही.

नात पहिलीत गेली त्या साली, उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत आप्पा गेले.