एका नटाच्या दोन वायसर

आमच्या घरात ट्रक बायको चालवते आणि मी शेजारी बसून घाबरतो. कामाची ही वाटणी बारा वर्षं सुरळीत चालली होती. (मी कचेरीत रेकॉर्ड विभागात कारकून आहे. तिथे घाबरण्याचा पगार मिळतो.)

त्या रविवारी फर्निचर कारखान्याचे मालक अकरा वाजता आमचा ट्रक बघायला येणार होते. पसंत पडला, तर वर्षभराची वाहतूक बायकोकडे. आधीच्या ट्रकनं त्यांच्या नव्या फरशीवर तेल गाळलं होतं, म्हणून ते आता गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय करारच करत नसत. या कामासाठी बायकोनं महिनाभर त्यांचे उंबरठे झिजवले होते. सकाळी ती ऑइल बदलायला ट्रक मिस्त्रीकडे न्यायला निघाली, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "त्यात काय मोठंसं? मी बदलतो. तू मागचा हौदा धुऊन घे."

तिनं पाना आणि वायसरचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"नीट ऐका. खाली चेंबरचा नट आहे, तो काढायचा. जुनं ऑइल टबात गाळायचं. नटाला ही तांब्याची नवी वायसर घालायची. आधी हातानं फिरवायचा, मग पान्यानं. उगाच जोर लावायचा नाही."

"समजलं."

"काय समजलं?"

"नवी वायसर घालायची."

जुनी काढायची असं ती म्हणाली नव्हती, याची वाचकांनी नोंद घ्यावी. जुनी वायसर नटाला घट्ट चिकटून होती आणि चांगली दिसत होती. आमच्या विभागात जुना कागद कुणी काढत नाही, त्याच्यावर नवा जोडतात. तीस वर्षांत एकही तक्रार नाही. मी जुनीवर नवी चढवली, नट बसवला, नवं ऑइल ओतलं आणि समाधानानं हात पुसले.

खाली एक थेंब पडला.

मी नट आवळला. दुसरा थेंब पडला. आणखी आवळला, तर थेंब लवकर पडू लागले. अकराला पाच कमी होते आणि मला खरोखर रडू येत होतं. शेवटी चहाचा कप घेऊन मी ट्रकखाली आडवा झालो आणि एकेक थेंब झेलू लागलो.

मालक वेळेवर आले आणि सरळ वाकलेच.

"कोण आहे खाली?"

मी कप पोटावर लपवला. "तपासणी चालू आहे."

"गळतंय का?"

"प्रकरण विचाराधीन आहे." एवढ्यात थेंब माझ्या कपाळावर पडला.

बायकोनं मला पाय धरून बाहेर ओढलं. तिनं दुसरा, धुतलेला टब घेतला, स्वतः खाली शिरली, ऑइल टबात काढलं आणि नट माझ्या नाकासमोर धरला.

"दोन?"

"एक मूळ," मी म्हणालो, "आणि एक जोडपत्र."

तिनं दोन्ही काढल्या, डब्यातली कोरी वायसर घातली, नट हातानं फिरवला, पान्यानं जेमतेम आवळला आणि ऑइल परत ओतलं. इंजिन चालू करून खाली पुठ्ठा सरकवला. मालक घड्याळ लावून वीस मिनिटं पुठ्ठ्याकडे बघत बसले. मीही बसलो. पुठ्ठा कोरा राहिला.

"बाई, काम तुमचं," मालक उठत म्हणाले. "मालकीण स्वतः गाडीखाली शिरते, हे आवडलं मला. एकच अट. हा मिस्त्री बदला."

"तो बदलता येत नाही हो," बायको म्हणाली. "तो नवरा आहे."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. खिशातून पेन काढलं आणि एक वर्षाचा करार मुकाट्यानं दोन वर्षांचा केला.