जपानी बाईचे दात

"बाई कशी, तर अशी पायजे!" असं म्हणत केरूनं शिमग्याला घरी येताच भिंतीवर चित्र ठोकलं. मुंबईत ज्या जपानी साहेबाकडे तो भांडी घासायचा, त्यानं मायदेशी जाताना ते दिलं होतं. लाकडी ठशांनी छापलेली जुन्या काळची सुंदरी होती ती. पांढराफटक चेहरा, अंबाड्यात खोचलेल्या काड्या आणि तांदळाएवढं उघडं तोंड.

त्याच्या बायकोनं, आवडीनं, ते पदर तोंडावर धरूनच पाहिलं. तिचे दात मशेरीनं काळे झाले होते. कापडे गावातल्या सगळ्याच बायांचे होते, पण तिचा नवरा आता मुंबईकर झाला होता.

"गणपतीपर्यंत दात पांढरे कर, मग तुला मुंबईला नेतो. खोली मिळालीय. पण या दातांनी चाळीत माझी इज्जत जाईल."

लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात नवरा सगळा मिळून सात महिनेही तिच्या वाट्याला आला नव्हता. आवडीनं मशेरीचा डबा त्याच दिवशी उकिरड्यावर फेकला. राख झाली, मीठ झालं. तेवढ्यानं भागेना म्हणून विटेचा चुरा घेतला. दात पांढरे झाले. हिरड्या मात्र सुजल्या, आणि गणपतीच्या तोंडावर महाडला जाऊन पुढचे दोन दात काढून घ्यावे लागले.

केरू आला. ती फट बघून त्याचा चेहरा पडला. "बघू," एवढंच तो म्हणाला. गणपती बोळवल्यावर दोघं चित्राला काच बसवायला महाडला गेली.

दुकानदार रामजीनं चित्र उजेडात धरलं. "अवो पाव्हणं, हिचे दात तर काळे हायत!"

खरंच काळे कुळकुळीत होते. सहा महिने केरू बायकोला त्या तोंडाचा दाखला देत होता, पण ते तोंड त्यानं धड पाहिलंच नव्हतं. गोरा रंग दिसला की बाप्याला पुढचं पाहायची गरज वाटत नाही.

"तूच मशेरी फासलीस गो! जळलीस हिच्यावर!" तो आवडीवर खेकसला आणि रुमालाला थुंकी लावून चित्रातले दात घासायला लागला. दात काळेच राहिले. ओठांचा लाल रंग मात्र हनुवटीवर उतरला.

आपली तसबीर न्यायला आलेले चित्रकलेचे मास्तर कळवळले. "अहो, काय करताय हे! तिकडे लग्न झालेल्या बायका मुद्दाम दात काळे करायच्या. त्यालाच त्या काळी सौंदर्य म्हणायचे."

आवडी हसली, पदर न घेता.

केरूनं घसा खाकरला. "त्या काळी असंल. आता पांढरेच लागतात. आन तुझे तर म्होरले दोन नायतच. चाळीत तुला कशी न्यायची? शिमग्याला बघू."

आवडीनं पदराची गाठ सोडली. काढलेले दोन दात तिनं नवऱ्याला दाखवायला म्हणून जपून ठेवले होते. ते तिनं त्याच्या तळहातावर ठेवले.

"मी ऱ्हाते हितंच. ह्यांना न्या. पांढरे झालेत."